साराबाईंचा उजवा पाय

साराबाई कुणाच्या घरी चहा घ्यायच्या नाहीत. यायच्या, दारातच उभ्या राहायच्या, पदराखालून डबा काढून हातात द्यायच्या, आणि आपण "बसा ना आत्या, घोटभर चहा घ्या" म्हणेपर्यंत जिना उतरायला लागलेल्या असायच्या. "नको गं, आत्ताच झाला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चहा झालेला नसायचा. सकाळपासून त्या कुणाच्या तरी बाळंतपणात नाहीतर आजारपणात धावत असायच्या, हे साऱ्या चाळीला माहीत होतं. आम्ही त्यांचा डबा घासून, त्यात शेंगा नाहीतर थोडा गूळ घालून परत पाठवायचो. दुसऱ्या दिवशी त्याच शेंगा तिसऱ्याच कुणाच्या घरी पोचलेल्या असायच्या.

चिखलीत आमच्या आणि त्यांच्या खोलीत एक भिंत होती. साराबाई मूळच्या नेवाशाकडच्या, ख्रिस्ती घरातल्या. नवरा भोसरीच्या कारखान्यात प्रेस मशीनवर होता, तो तरणाच गेला. मग यांनी चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटून एकुलत्या मुलाला, विनयला, शिकवलं. विनय आता रावेतला लिफ्टच्या इमारतीत राहतो. आईला घेऊन जायला तो कितीदा आला असेल. त्या म्हणायच्या, "तिथं सगळं हातात मिळतंय बाबा. तिथं मी करू काय? इथं मला माणसं लागतात आणि माणसांना मी लागते."

आम्हीही ख्रिस्तीच, पण जालन्याकडचे. आमचे मालक कंपनीत शिफ्टला जातात आणि मी घरी बसून रबराच्या वॉशरचं ट्रिमिंग करते. पोतं भरून माल येतो. प्रत्येक वॉशरच्या कडेला चिकटलेलं जास्तीचं रबर कात्रीने कापून टाकायचं. बोटं काळी होतात, टाचांच्या भेगांत काळी पूड बसते, ती कशानेही निघत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझ्या मानेला घाम सुटतो. साराबाईंना माझ्याकडून बोलण्याची अपेक्षा नसायची, म्हणून त्या मला बऱ्या वाटायच्या.

आमची मंडळी, म्हणजे चर्च, एका फॅब्रिकेशनच्या शेडवरच्या भाड्याच्या हॉलमध्ये जमते. या भागात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे रविवारी पाळकसाहेब वर बोलत असतात आणि खाली ग्राइंडर ओरडत असतो. पण उत्तम शुक्रवारचा, म्हणजे गुड फ्रायडेचा, आदला दिवस गुरुवारच असल्यामुळे सगळं शांत असतं आणि कधी नव्हे ते पुरुषही येतात. त्या दिवशी आमच्याकडे पाय धुण्याचा विधी होतो. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो भाग वाचतात. मग पडदा लावून एका बाजूला पुरुष पुरुषांचे आणि दुसऱ्या बाजूला बायका बायकांचे पाय धुतात. एक खुर्ची, एक परात, एक तांब्या. जिने धुतले तिने मग खुर्चीवर बसायचं आणि दुसरीने तिचे धुवायचे, अशी रीत आहे.

आता गंमत अशी, की पाय धुवायला येताना आम्ही सगळ्या घरून पाय धुऊन येतो. कुणी दगडाने टाचा घासते, कुणी व्हॅसलीन लावते, नव्या सुना तर नखांना रंगसुद्धा लावतात. पण परातीपाशी दरवर्षी साराबाईच बसलेल्या असायच्या. एकीचे तसले चकचकीत पाय बघून त्या म्हणाल्या होत्या, "अगं बाई, हे धुवायचे का ओवाळायचे?" सगळ्या पडद्यामागे हसलो. पाळकसाहेबांना पलीकडून खाकरावं लागलं.

पहिल्या वर्षी माझा नंबर आला तेव्हा मी पाय साडीत ओढून घेतले होते. घासूनसुद्धा काळेच होते. साराबाईंनी वर बघितलंही नाही. नुसता हात पुढे केला. "आण इकडं. माझ्या कँटीनच्या पातेल्याहून काळे न्हाईत तुझे." मग त्यांनी माझी एकेक भेग अंगठ्याने चोळून धुतली. मी मान खाली घालून बसले होते. मला रडू येत होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी परातीतल्या पाण्याकडे बघत होते.

सगळ्यांचे झाले की कुणीतरी म्हणायचं, "आता आत्या, तुम्ही बसा." आत्या उठायच्या, गुडघे झाडायच्या. "माझे राहू दे, पाणी गढूळ झालंय," नाहीतर "टॉवेल पिळायचेत अजून." दरवर्षी काहीतरी निघायचंच. खुर्चीवर बसलेल्या त्या कुणाला आठवत नाहीत. पाळकसाहेब दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणायचे, "नम्रता कशी असते ते बघायचं असेल तर आपल्या साराबाईंकडे बघा." आम्ही वळून बघायचो. त्यांची मान खाली असायची. आपल्याने हे कधी व्हायचं नाही, असं मनात येऊन मला माझीच लाज वाटायची.

एकटी तान्हूबाई काही वेगळं म्हणायची. तान्हूबाई म्हणजे आमची घरमालकीण, चिखलीतल्या जुन्या शेतकरी घरातली. जिथे तिचा हरभरा व्हायचा तिथे आता आमच्या खोल्या उभ्या आहेत. तिची आणि साराबाईंची रोज जुगलबंदी चालायची.

"सारे, तुझा येशू एवढा ऐकतो तर सांग की त्येला, पान्याचा टँकर धाड म्हनावं."

"सांगते. आधी तू टाकीला झाकण घाल. डास काही त्यानं धाडले न्हाईत."

"घालते, घालते. वाईच गवार निवडली हाय बघ, घिऊन जा."

"नको गं, आहे घरात."

"हाय कुटं? तुज्या घरात काय हाय ते मला ठावं न्हाई व्हय?" तान्हूबाई मग माझ्याकडे वळून म्हणायची, "हिला कुनाचं काय नगं. लई मानी बया हाय."

मी हसायचे. जिला सारी मंडळी नम्र म्हणते तिला ही मानी म्हणते, याचं मला हसू यायचं.

गेल्या वर्षी हिवाळ्यात एका सकाळी भिंतीपलीकडे बादली पडल्याचा आवाज आला. मी गेले तर साराबाई मोरीत आडव्या. तोंड एका बाजूला ओढलं होतं. उजवा हात आणि उजवा पाय गेला होता. दवाखाना झाला, त्या घरी आल्या. जीभ जड झाली होती, पण डोकं सगळं जागेवर होतं, आणि तेच वाईट झालं. विनय म्हणाला, आता रावेतला चल. त्यांनी मान हलवली. एकेक शब्द ओढत म्हणाल्या, "सुनेनं माझं हागमूत काढायचं?" त्याने दिवसभरासाठी एक बाई ठेवली. तिने अंगाला हात लावायच्या आत आत्यांनी डाव्या हाताने तिला ढकललं. तसलं दोनदा झालं आणि ती यायची बंद झाली. विनय दारात डोळे पुसत उभा होता. मी आत गेले आणि चादर बदलली. तेव्हापासून ते काम माझं झालं.

मलाच का चालवून घेता, हे मी विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं, "तू कुणाला बोलत न्हाईस."

ते दिवस आठवले की अजून माझा चेहरा गरम होतो. मी त्यांना पुसायला लागले की त्या डाव्या हाताने पदर ओढून तोंडावर घ्यायच्या आणि दात आवळून पडून राहायच्या. मीही भिंतीकडे बघत काम करायचे. त्यांना माझी लाज, मला त्यांची लाज. एवढ्याशा खोलीत आम्ही दोघी एकमेकींपासून तोंड लपवत होतो. ज्या बाईने माझ्या टाचा चोळल्या तिला मी धड बघूही शकत नव्हते.

मग माझ्या लक्षात आलं की भरून ठेवलेला तांब्या भरलेलाच राहतोय. आत्या पाणीच पीत नव्हत्या. पाणी प्यायलं की लघवी होणार, लघवी झाली की कुणीतरी पुसणार. ओठांना चिरा पडल्या. डॉक्टर येऊन गेले आणि विनयला बाहेर नेऊन म्हणाले, असंच चाललं तर या टिकायच्या नाहीत, औषध काही करणार नाही. विनयने हात जोडले, मी चमचा घेऊन बसले. त्या ओठ मिटून घ्यायच्या.

पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन आले, लहानशा डब्यात भाकर आणि बाटलीत द्राक्षरस. आत्यांनी त्यांना बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. खोलीत वास होता, तो मला आला आणि त्यांनाही आला असणार. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि डबा तसाच मिटून घेऊन गेले. आत्यांनी आमेनसुद्धा म्हटलं नाही. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "त्यानं मला उताणी पाडली. चार लोकांत उघडी केली." कुणाबद्दल बोलत होत्या ते मला कळलं. देवाबद्दल त्या असं बोलतील असं मला कधी वाटलं नव्हतं. मी घाबरून कात्री आणि वॉशर घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी तान्हूबाई वर आली. तिला सगळं समजलं होतं. ती कमरेवर हात ठेवून कॉटसमोर उभी राहिली.

"सारे, पानी का पीत न्हाईस गं? मुतशील तर मुतशील! म्या म्हशीचं काढलं, सासूचं काढलं, धा वर्सं काढलं. तुजं काय सोन्याचं हाय व्हय, दुसऱ्यानं हात लावू ने असं?"

मला वाटलं आता आत्या रडणार. त्यांचं अर्धं तोंड हललं. हसल्या की काय ते कळलं नाही. पाणी मात्र त्या दिवशीही घेतलं नाही.

नंतरच्या सकाळी मी त्यांचं अंग पुसत होते. शेवटी पाय राहिले. टाचांना मळ धरला होता, ओल्या फडक्याने निघेना, म्हणून मी परात कॉटच्या कडेला लावली आणि पाय उचलून पाण्यात घेणार, तोच त्यांनी डावा पाय झटक्यात ओढून घेतला. पोटाशी घेतला. उजवा त्यांना ओढता येईना. तो माझ्या हातात तसाच राहिला, जड, गार. त्यांनी तो ओढायचा केवढा प्रयत्न केला ते मला त्यांच्या मानेच्या शिरांवर दिसलं. पाय हलला नाही. मला काय करावं सुचेना. सोडून द्यावा तर तो परातीवर आपटला असता. मग मी तो हळूच पाण्यात ठेवला आणि धुतला. अंगठ्याने टाच चोळली, बोटांच्या मधे धुतलं. चोळता चोळता माझ्या ध्यानात आलं की आपण काय करतोय, आणि मी वर बघितलं.

त्या दिवशी त्यांनी तोंडावर पदर घेतला नव्हता. डोळ्यांतून पाणी कानाकडे चाललं होतं आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. मीही पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ बघितलं.

मग त्या म्हणाल्या, "मंदे, मी बसलेच न्हाई गं कधी."

"कुठे आत्या?"

"प्रभूसमोर. खुर्चीवर." मग थांबल्या, श्वास घेतला. "तो वाकला धुवायला. मी म्हटलं, तू सरक, तू कशाला, मी करते की. जन्मभर त्याचीच जागा धरून बसले. लोक म्हणाले, केवढी नम्र. ते मला लई गोड लागायचं."

मी म्हणाले, "असं नका बोलू. तुम्ही सगळ्यांचं केलं."

"केलं. खोटं न्हाई केलं." एवढं बोलून त्या दमल्या. पाय अजून माझ्या मांडीवर टॉवेलात होता. "पण त्याच्याकडून काही घेतलं न्हाई. घ्यायचं म्हटलं की मी गरीब ठरते. ते मला नको होतं."

मी पाय पुसत राहिले. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि जे बोलल्या ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. "तू बी माझ्यासारखीच आहेस. मी पुढं पुढं करून लपले, तू मागं मागं बसून लपतीस. देवालासुदिक तोंड दावत न्हाईस."

माझे कान तापले. मला वाटायचं, आपण बोलत नाही, पुढे जात नाही, शेवटच्या सतरंजीवर बसतो, म्हणजे आपण गरीब स्वभावाच्या, देवाला आवडत असू. मनातल्या मनात पुढे बसणाऱ्या बायकांना मी नावंही ठेवायचे. ते सगळं या बाईला पहिल्यापासून दिसत होतं की काय, या विचाराने मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण त्यांचा हात डोक्यावर होता.

"पाणी दे," त्या म्हणाल्या.

मी तांब्या तोंडाशी नेला. त्या प्यायल्या. थोडं सांडलं, थोडं आत गेलं. परत मागितलं. दुपारी अंथरूण ओलं झालं तेव्हा त्यांनी मला स्वतः हाक मारली. हाक मारताना त्यांचे डोळे मिटलेले होते, पण हाक मारली.

पाळकसाहेबांना बोलवायला त्यांनीच सांगितलं. ते गुरुवारी आले. तान्हूबाई चौकटीला टेकून बघत होती. भाकरीचा तुकडा कसाबसा गिळला, पण द्राक्षरस वाकड्या ओठातून निसटून हनुवटीवरून गळ्याशी आला, पांढऱ्या पोलक्यावर डाग पडला. पाळकसाहेब कावरेबावरे झाले. ते म्हणाले, "राहू द्या साराबाई. देव मन बघतो."

"न्हाई," आत्या म्हणाल्या. "तोंडात द्या."

त्यांनी चमच्याने दिलं, तेही बाहेर आलं. दारातून तान्हूबाई म्हणाली, "अहो म्हाराज, असं न्हाई जायाचं. मान वर करा तिची. मंदे, धर की तिला!" पाळकसाहेबांना महाराज म्हटलेलं ऐकून एरवी आत्यांनी तिला सोडलं नसतं. मी कॉटवर चढून त्यांचं डोकं छातीशी धरलं. साहेबांनी परत चमचा भरला. आत्यांनी तोंड उघडलं, तसंच उघडं ठेवलं आणि वाट बघत राहिल्या. या वेळी घोट आत गेला. गळ्यावरचा ओघळ पुसायला मी पदर घेतला तर त्यांनी मान हलवून मला थांबवलं आणि आधी आमेन म्हणून घेतलं.

जिन्यात पाळकसाहेब मला म्हणाले, "मंदाबाई, इतकी वर्षं मी त्यांचं उदाहरण देत होतो. त्यांना काय हवं नको ते कधी विचारलं नाही." मीही विचारलं नव्हतं.

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. पण त्या दिवसांत त्यांनी तान्हूबाईच्या हातचा शिरा खाल्ला आणि "गोड कमी आहे" म्हटल्याबद्दल तिच्या शिव्याही खाल्ल्या. सून रावेतहून येऊन त्यांचे केस विंचरायची. एका दुपारी ती त्यांची नखं कापत होती. एका हाताची झाली होती. दुसरा हात घेतला तेव्हा तिला कळलं.

शोकसभेला हॉल भरला होता. रविवार होता, खाली ग्राइंडर चालू होता, त्याच्या वरताण बायका बोलल्या. साराबाईंनी किती जणींचे पाय धुतले, किती जणींची बाळंतपणं केली, कधी कुणाकडून काही घेतलं नाही. ऐकताना मला कसंतरी होत होतं. मग पाळकसाहेब म्हणाले, "शेवटी मंदाबाई त्यांच्याजवळ होत्या. त्यांनी दोन शब्द बोलावेत."

मी उठले. मानेला घाम सुटला. सांगायचं होतं ते सगळं डोक्यात होतं, खुर्ची, परात, माझ्या मांडीवरचा तो पाय. त्यातलं काही बाहेर येईना. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "त्यांनी पाणी मागितलं." आणि खाली बसले.

बायकांनी माना हलवल्या. आजाऱ्याला तहान लागतेच, असं त्यांना वाटलं असेल. शेजारच्या बाईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पाळकसाहेबांनी मात्र मान खाली घातली.

मी घरी आले आणि लाजेने भिंतीकडे तोंड करून पडले. ज्या बाईने आमच्यादेखत तोंड उघडून प्रभुभोजन घेतलं, तिच्याबद्दल मला एक धड वाक्य जोडता आलं नाही. आता मी रोज सकाळी माल हातात घ्यायच्या आधी प्रार्थनेला बसते. पूर्वी अशी लाज वाटली की मी लगेच उठून कामाला लागायचे, म्हणजे देवालाही वाटावं की बाई कामात आहे. आता उठत नाही. तशीच काळ्या बोटांची, त्याच्याकडे तोंड करून बसून राहते.